घराखालची जागा

जुन्या महसुली दप्तरात माणूस दोन वाटांनी येतो. एक तर त्याच्या नावावर जमीन असते, नाही तर तो जन्मतो आणि मरतो. रायगड जिल्ह्यातला कातकरी माझ्या दप्तरात जवळजवळ नेहमी दुसऱ्याच वाटेने आला. कोतवाल बुकात त्याच्या आजोबाचा जन्म आहे, पणजीचं पटकीनं मरण आहे, जातीच्या रकान्यात ‘काथोडी’ आहे. पण त्याच गावच्या सातबाऱ्यांची चळत पालथी घातली तरी त्या घराण्याचं नाव एकाही उताऱ्यावर नाही. जन्म आणि मरण यांच्या मधल्या काळात ही माणसं कुठे राहत होती, याची दप्तराला खबरच नाही.

नोकरीची बहुतेक वर्षं मी सुधागड, पेण आणि खालापूर या तालुक्यांतल्या सजांवर तलाठी म्हणून काढली. (हल्ली या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी लांबली, सजा तेवढाच.) प्रत्येक गावाला एक तरी कातकरवाडी असायचीच. गावठाणाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. कारवीच्या कुडाची घरं, त्यावर शेणमातीचा गिलावा, पुढे एखाददुसरं घरकुल. वाडी कुणाच्या जागेवर आहे हे विचारलं की उत्तर ठरलेलं: अमक्या शेठच्या, नाही तर गुरचरणात, नाही तर ‘फारेष्टात’. वाडीच्या स्वतःच्या जागेवर वसलेली वाडी क्वचितच पाहिली.

खासगी जागेवरच्या वाड्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आहे. शेतकऱ्याला भाताच्या राखणीला, लावणी-कापणीला, लाकडं फोडायला हाताशी माणसं हवी होती. त्याने दोन-चार कुटुंबं आणून माळावर बसवली. त्यांची पोरं झाली, पोरांची घरं झाली, वाडी झाली. बोलणं सगळं तोंडी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो, त्यात विहिरीचा हिस्सा येतो, सोसायटीचा बोजा येतो. त्या जमिनीवर चाळीस चुली पेटत असल्या तरी त्यांची नोंद तिथे मला क्वचितच आढळली.

हा जिल्हा काही जमिनीच्या प्रश्नाला नवखा नाही. चरीचा संप इथलाच. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं नाकारलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. माझ्या आजोबांचं नाव असंच सातबाऱ्यावर लागलं. माझं शिक्षण, माझी नोकरी, गावातलं आमचं पक्कं घर, हे सगळं त्या एका फेरफाराच्या पोटातून आलं आहे. आगरी, कुणबी, मराठा कुळांची घरं अशी उभी राहिली. पण कुळाच्याही खाली एक माणूस होता. तो खोताचा कूळ नव्हता, कुळाचा गडी होता. त्याच्या नावाने कधी खंड लागला नव्हता, म्हणून पावती नव्हती, म्हणून वहिवाट नव्हती. कायदा कसणाऱ्यासाठी होता आणि कसण्याचा पुरावा कागदावर लागत होता.

आदिवासींच्या जमिनी वाचवण्यासाठी १९७४ साली दोन मोठ्या गोष्टी झाल्या. जमीन महसूल अधिनियमात कलम ३६-अ आलं, त्यामुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय देता येईनाशी झाली. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातातून गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. दोन्ही कायदे चांगले. ठाकूर, महादेव कोळी यांच्यातल्या काही घरांना त्यांचा आधार झाला. कातकऱ्याला त्यातलं फारसं काही लागू पडलं नाही. ज्याच्या नावावर जमीन कधी लागलीच नाही, त्याची कोण काय लुबाडणार आणि सरकार काय परत करणार?

कातकऱ्याची मूळ मिळकत जंगल होती. खैराच्या लाकडापासून कात काढायचा, तो विकायचा, कंद, मध, मासे, शिकार यांवर उरलेलं भागवायचं. इंग्रजी अमलात जंगल राखीव झालं, खैर तोडणं गुन्हा झाला. मग त्याच हातांनी लाकूड रचून कोळसा पाडायला सुरुवात केली. तोही जंगलाच्या ठेकेदारासाठी. लाकडाचा कोळसा मागे पडला तशा विटा आल्या. धंद्यांची ही रांग पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक नव्या धंद्यात तो आपल्या डोंगरापासून थोडा आणखी लांब गेला. कात वाडीतच होई. कोळसा जवळच्या रानात. आणि विटांसाठी पनवेल, कल्याण, भिवंडी, घाट चढून पुणे जिल्हा. जे अजून कोळशाला जातात ते तर आता कर्नाटकापर्यंत जातात.

आता माझ्या कामाचा जिथे या सगळ्याशी संबंध येतो ते सांगतो, कारण त्याबद्दल कुणी लिहिलेलं मला वाचायला मिळालेलं नाही.

गणपतीच्या सुमारास वाडीत मुकादम फेऱ्या मारू लागतो. बयाणा देतो. त्यातून सणाचं भागतं, जुनं देणं फिटतं, एखाद्या आजाऱ्याचं औषध होतं. भात कापून झालं, दिवाळी सरली की टेम्पो येतात आणि कुटुंबंच्या कुटुंबं पातेली, कोंबड्या, लहान पोरं घेऊन चढतात. वीटभट्टीवर हजारी भावाने विटा पाडायच्या, आठवड्याला खर्ची घ्यायची, आणि पावसाळ्याच्या तोंडाला हिशेब करायचा. हिशेबात बयाणा फिटला तर नशीब. नाही फिटला तर पुढच्या सालाची भट्टी ठरलेलीच. वेठबिगारीचं उच्चाटन करणारा कायदा १९७६ चा आहे आणि ठाणे-पालघरकडे विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने त्याच्या जोरावर माणसं सोडवूनही आणली. रायगडातल्या बऱ्याच वाड्यांना तो कायदा नुसता ऐकून माहीत आहे. शिमग्याला बहुतेक जण चार दिवस वाडीत येऊन जातात. बाकी वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री.

आणि सरकारचं काम नेमकं याच महिन्यांत चालतं. मोजणी पावसात होत नाही, शेतं मोकळी झाल्यावर होते. स्थळपाहण्या डिसेंबरनंतर. मार्चअखेर म्हणून प्रलंबित प्रकरणं निकाली काढायची धावपळ जानेवारी ते मार्चमध्ये. २६ जानेवारीची ग्रामसभा, तीही तेव्हाच. दिवाळी ते वैशाख हा महसुलाचा हंगाम आणि दिवाळी ते वैशाख हाच भट्टीचा हंगाम. म्हणून पंचनाम्यामागून पंचनाम्यात एक वाक्य सापडतं: ‘समक्ष जागेवर पाहणी केली असता कोणी आढळून आले नाही.’ वाक्य खोटं नसतं. घराला कुडाचं दार ओढलेलं, चूल थंड, अंगणात गवत. पण वरच्या कचेरीत बसलेला माणूस ते वाचतो तेव्हा त्याला ओसाड जागा दिसते. मालकाच्या वकिलाला तर तेवढंच हवं असतं.

मी माझ्यापुरती एक पद्धत पाडून घेतली. वाडीचा विषय असेल तर जागेवर आषाढ-श्रावणात जायचं. चिखल तुडवावा लागे, कोतवाल कुरकुरे, कागद भिजू नये म्हणून दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधावं लागे. पण तेव्हा प्रत्येक घरात माणूस असे. नाव, कुटुंबातली माणसं, घराची लांबी-रुंदी, किती पिढ्या, कुणी आणून बसवलं, हे सगळं जबाबात येई. पावसात बसून जबाब द्यायला त्यांनाही वेळ असे. एका वाडीत अशीच चौकशी चालू असताना एक आजी मला म्हणाली, “भाऊसाहेब, आमी इथं नसतो तवा तुमी येता, आन आमी इथं असतो तवा पाऊस येतो. आज दोघंबी आले.” पंचांसह सगळे हसले.

त्या वाडीची कथा सांगण्यासारखी आहे. मूळ मालकाच्या नातवंडांत वाटप झालं होतं, त्यातल्या एकाने आपला हिस्सा शहरातल्या एका गृहस्थाला विकला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासूनच खालापूर, कर्जत, सुधागडकडे फार्महाऊसवाल्यांची रीघ लागली होती. या गृहस्थांनी माघ महिन्यात जमीन पाहिली, ओढा पाहिला, डोंगर पाहिला. माळावरच्या झोपड्या ‘टेम्पररी’ आहेत असं त्यांना सांगण्यात आलं. खरेदीखत झालं, फेरफार माझ्याकडे आला. कुंपण घालायला माणसं आली तेव्हा वाडी भट्टीवरून नुकतीच परतली होती. पाणवठ्याची वाट कुंपणात गेली, आणि पितरांना जिथे घास ठेवतात ती जागाही.

फेरफार नोंदवणं मला भाग होतं. खरेदीखत कायदेशीर होतं. पण कूळ कायदा नुसत्या शेतजमिनीचा नाही. त्यातली १६ पासून १८ पर्यंतची कलमं घरांची आहेत. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलेलं असेल तर त्याला तिथून उठवता येत नाही, ती जागा विकायची झाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा, आणि हे संरक्षण शेतमजुरालाही आहे. ही कलमं कचेरीत फार थोड्यांनी उघडून पाहिलेली असतात. मी वाडीतल्या तरुणांना घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मतदार यादीतली नावं, वीजबिलं गोळा करायला सांगितलं आणि तहसीलदारांकडे अर्ज करायला लावला. माझा पावसाळी पंचनामा त्या प्रकरणात जोडला गेला. प्रकरण रेंगाळलं, साहेब बदलले, खरेदीदाराचे वकीलही बदलले. शेवटी खरेदीदारालाच कटकट नको झाली. त्यांनी वाडीपुरता पट्टा आणि पाण्याची वाट सोडून कुंपण आत घेतलं. घरांखालची जागा कुणाच्या नावावर, हा प्रश्न मी निवृत्त झालो तेव्हा तसाच होता. तरी वाडी उठली नाही. एवढ्यावर समाधान मानायची सवय महसूल खात्यात लागते.

वन जमिनीवरच्या लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान दार तरी उघडून दिलं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असेल तर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. आपल्याकडे दळीच्या जमिनी आहेत, डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला इंग्रजी अमलात दिलेल्या. त्यांच्यासाठी सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना वर्षानुवर्षं झगडत आल्या आहेत. दावे भरताना एक मजेदार गोष्ट दिसली. पुरावा म्हणून बऱ्याच म्हाताऱ्यांनी आणल्या त्या वन खात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून भरलेला दंड, आता ताब्याचा दाखला. ज्याला कधी पकडलं नाही त्याच्याकडे पुरावा नाही. इमानदार किंवा चपळ माणसाची या कायद्यात पंचाईत आहे. गुरचरणावरच्या वाड्यांना तर तेवढाही आधार नाही. २०२२ च्या अखेरीला गायरानावरची अतिक्रमणं काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा आमदाराच्या बगलबच्च्याचा ढाबा आणि कातकऱ्याची झोपडी एकाच शब्दात बसली.

निवृत्तीनंतर मला पुन्हा जुनं दप्तर पाहण्याचा योग आला. २०२३ साली, मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि मोडी वाचता येणाऱ्यांना शोधून शोधून बोलावणं गेलं. त्यात मीही गेलो. धूळ खात पडलेली कोतवाल बुकं टेबलावर आली. रोज शेकडो पानं उलटायची आणि ‘कुणबी’ दिसलं की खूण करायची. त्याच पानांवर, दोन ओळी सोडून, ‘काथोडी’ अशीही नोंद असायची. ती शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि कातकरी मुलं तो पुरावा नाही म्हणून कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली मी नोकरीभर पाहिली होती. बापाचा शाळेचा दाखला नाही, कारण बाप शाळेत गेला नाही. मुलाचा जन्म भट्टीवरचा, म्हणून गावात नोंद नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. आणि ज्या बुकात त्यांची जात लिहिलेली होती ते माझ्या हाताखाली उघडं होतं. मी एका वेगळ्या वहीत गाव, साल, नाव असं उतरवत गेलो. पुढे दाखल्यांच्या शिबिरात त्यातल्या काही नोंदींचा उपयोग झाला. कुणबी नोंदींसाठी जेवढी माणसं, जेवढे स्कॅनर आणि जेवढी घाई होती, त्याचा दहावा भाग जरी या कामाला मिळाला तर रायगडातला कातकऱ्यांच्या दाखल्यांचा प्रश्न एका उन्हाळ्यात संपेल. त्यांच्यासाठी मुंबईत मोर्चा येत नाही, एवढाच फरक.

नावांचंही तसंच. जुन्या नोंदींत आडनावं क्वचितच आहेत, नुसतं अमका बिन तमका काथोडी. पुढच्या कागदांत पवार, जाधव, वाघमारे, हिलम, मुकणे दिसू लागतात. शाळेच्या दाखल्यात कुणी ‘हिंदू कातकरी’ लिहिलं, कुणी नुसतं ‘आदिवासी’. पडताळणीत मग एकाच घरातल्या दोन भावांची जात दोन प्रकारे लिहिलेली निघते. ती लिहिणारा कातकरी नव्हता, पण खुलासा त्याला द्यावा लागतो.

गेल्या काही वर्षांत तरुण पोरं स्वतःची ओळख स्वतः लिहू लागली आहेत. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक निघते, पिवळे फेटे, डीजे, बिरसा मुंडांचं चित्र असलेले टी-शर्ट. एकमेकांना ‘जोहार’ म्हणतात. समाजमंदिराच्या भिंतीवर वारली चित्रं काढलेली असतात. यातलं जोहार आमच्या कातकऱ्यांचं नाही, बिरसा झारखंडचे, चित्रं वारल्यांची. घरातली म्हातारी माणसं अजून आपसात कातकरी बोलीत बोलतात, ती या पोरांना समजते पण बोलायला नको वाटते. गावातले लोक या मिरवणुकीची टिंगल करतात. मीही एका ओळखीच्या मुलाला विचारलं, हे सगळं कुठून आणलंत? तो वीटभट्टीवर वाढलेला, आता खासगी कंपनीत सुरक्षारक्षक आहे. म्हणाला, “काका, कातकरी म्हटलं की लोक उंदरांवर येतात. आदिवासी म्हटलं की कायद्यावर येतात.” भात कापल्यावर बांधातले उंदीर खणणारी जात म्हणून आमच्या गावांनी त्यांना जन्मभर हिणवलं. त्यामुळे उसनी असो की नवी, त्यांनी डोक्यावर घेतलेली ओळख मला खुपत नाही. मला खंत आहे ती कातकरी बोलीची. ती जपायला मिरवणूक पुरत नाही, आणि आजी-आजोबा वाडीत व नातवंडं भट्टीवर असतील तर कुणी कुणाला शिकवायची?

कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या पावणेतीन लाखांवर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना अशाच जमातींसाठी आली. त्यात पक्क्या घरासाठी २ लाख ३९ हजार रुपये मिळतात. रक्कम इतर घरकुलांपेक्षा बरीच मोठी. गावोगाव याद्या झाल्या. आणि मग जुनाच दगड आडवा आला: घर बांधायचं कुणाच्या जागेवर? खासगी जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र आणा म्हणतात. मालक सांगतो, कुडाचं घर आहे तोवर राहा, पण सिमेंटचं बांधलंत तर उद्या जागा तुमची होईल. त्याचंही खरं आहे. अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आता पेण-खालापूरकडचा गुंठासुद्धा कुणी फुकट सोडत नाही. म्हणून मंजूर घरं कागदावर राहतात आणि वाडीतला माणूस पुन्हा टेम्पोत चढतो. माझं मत स्पष्ट आहे. आधी घराखालची जागा नावावर करा. गावठाण विस्तार करून करा, संपादन करून करा, कूळ कायद्याची कलमं वापरून करा. बाकीच्या सगळ्या योजना त्यानंतर.

माझ्या जागी आज काम करणाऱ्यांना एकच विनंती आहे: वाडीचा पंचनामा पावसाळ्यात करा. आणि रायगडात जागा पाहायला येणाऱ्यांनाही सांगणं आहे. सातबारा कोरा आहे एवढ्यावर जाऊ नका. माघात जी झोपडी बंद दिसते तिच्यात ज्येष्ठात माणसं परत येतात. जागेवर घरं असतील तर ती किती, कुणाची, पाणी कुठून भरतात, मेलेलं माणूस कुठे नेतात हे आधी विचारा. तेवढी जमीन आणि तेवढ्या वाटा मोजून व्यवहारातून बाहेर काढा. मग बयाणा द्या.